तीन तुकड्यांचा पासवर्ड

मुलुंड पूर्वेच्या ज्या सोसायटीत मी गेली एकवीस वर्षं नोकरी करतो, तिथं माणसं नावानं ओळखली जात नाहीत, फ्लॅटच्या नंबरानं ओळखली जातात. सातशे एकचे काका, दोनशे चारचा मुलगा, पाचशे दोनच्या मावशी. मी राहतो तळमजल्यावर, मीटर रूमला लागून असलेल्या खोलीत. त्या खोलीला नंबर नाही, म्हणून मला सगळे ‘ऑफिस’ म्हणतात. ‘ऑफिसला विचार, पाणी कधी येणार.’ ‘ऑफिस जेवायला गेलंय.’ मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. नववीत शाळा सोडून दोडामार्गाकडून आलेल्या माणसाला कुणी ऑफिस म्हणत असेल, तर त्यानं वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही.

हे ऑफिसपण मला दिलं आमच्या सेक्रेटरींनी. ते चारशे दोनला राहतात. विक्रोळीच्या एका कंपनीत हेडक्लार्क होते. मी तेव्हा घाटकोपरच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये वाढप्याचं काम करायचो, आणि माझं अक्षर बरं म्हणून पदार्थांच्या पाट्याही मीच लिहायचो. त्यांच्या भाचीचं लग्न त्या हॉलमध्ये होतं. जेवून झाल्यावर ते श्रीखंडाच्या पातेल्यापुढची पाटी हातात घेऊन उभे राहिले आणि विचारलं, ‘हे अक्षर कुणाचं?’ पंधरा दिवसांनी मी सोसायटीच्या ऑफिसात होतो. आधी झाडायला, मग पाण्याच्या टाकीवर, मग टेबलाशी. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून टायपिंग शिकवलं. पत्र कसं लिहायचं ते शिकवलं. वर विषय, खाली संदर्भ, मग महोदय, मग ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की’. ते म्हणायचे, ‘पत्र लिहिणारा रागावलेला दिसता कामा नये. राग वाचणाऱ्याला आला पाहिजे.’

खोलीही त्यांनीच मिळवून दिली. सर्वसाधारण सभेत लोक म्हणत होते, नोकराला आत राहायला दिलं की तो पुढं हक्क सांगतो. सेक्रेटरी माझ्यासाठी तासभर भांडले. शेवटी ठराव झाला, नोकरी आहे तोवर खोली. तो ठराव मीच टाईप केला. तेव्हापासून ‘तोवर’ हा शब्द माझ्या पोटात आहे. मुलगी बायकोजवळ गावाला होती, तोपर्यंत त्याचा इतका त्रास व्हायचा नाही. पण ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी मुलगी दहावीला बसली होती. तिला सायन्सला जायचं होतं. मी नववीत सोडलं, तिनं सोडू नये एवढंच आम्हा दोघांचं ठरलेलं होतं. ती जूनमध्ये माझ्याकडे येणार होती. होस्टेल वगैरे आमच्या आवाक्यातलं नव्हतंच. खोली होती म्हणून तिचं मुंबईचं कॉलेज होतं, खोली नसती तर ते नव्हतं.

सोसायटीचे पासवर्ड पूर्वी एका वहीत असत. ईमेलचा, बँकेचा, पाणीबिलाचा, लिफ्टच्या परवान्याचा, गेटवरच्या ॲपचा. सगळ्यांचा पासवर्ड जवळजवळ एकच, बिल्डिंगचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. वही लोखंडी कपाटात, आणि कपाटाची किल्ली कपाटामागच्या खिळ्याला. तो खिळा अख्ख्या बिल्डिंगला माहीत होता. त्या वर्षी दिवाळीच्या आधी बातमी आली की नाहूरच्या कुठल्याशा सोसायटीचा ईमेल कुणीतरी फोडला आणि सगळ्या सभासदांना घाणेरडी पत्रं गेली. आमची कमिटी घाबरली. आमचे खजिनदार, दोनशे चारचे, वयानं माझ्याहून लहान, वांद्र्याला बीकेसीत नोकरीला. त्यांनी कमिटीत सांगितलं की आता पासवर्ड मॅनेजर घ्यायचा.

‘म्हणजे काय रे?’ अध्यक्षांनी विचारलं. अध्यक्ष सातशे एकचे, बँकेतून रिटायर.

‘तिजोरी समजा, काका. सगळे पासवर्ड त्यात. प्रत्येक पासवर्ड वेगळा, लांबलचक, कुणाला पाठ करायला नको. आपण फक्त तिजोरीचा एक मोठा पासवर्ड लक्षात ठेवायचा.’

‘आणि तो कुणाकडे?’

‘तसं नाही. प्रत्येकाला वेगळं लॉगिन. ऑफिसलाही देऊ. त्याला लागतात तेवढेच पासवर्ड त्याला दिसतील. कुणी कधी उघडलं तेही कळतं.’

तेव्हा सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवत होतो. ते म्हणाले, ‘त्याला कशाला या भानगडीत पाडता? उद्या काही कमीजास्त झालं तर बिचाऱ्यावर यायचं.’ मला तेव्हा भरून आलं होतं. आपल्या बाजूनं विचार करणारं माणूस या इमारतीत आहे, असं मी त्या दिवशी बायकोला फोनवर सांगितल्याचंही आठवतं.

अध्यक्षांना वेगळी लॉगिन्स पटली नाहीत. एका सोसायटीला एकच चावी बरी, म्हणाले. पण एकच चावी एकाच्या हातात नको. बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, दोन माणसांकडे. आपल्याकडे तीन पदाधिकारी आहेत. चेकवर जशा सह्या, तसा पासवर्ड. तीन तुकडे. पहिला अध्यक्षांचा, मधला खजिनदाराचा, शेवटचा सेक्रेटरींचा. कुणी कुणाला सांगायचा नाही. खजिनदार म्हणाले, ‘काका, असं नसतं हो,’ पण मग त्यांनाही ऑफिसला उशीर होत होता. ठराव झाला. तोही मीच टाईप केला.

पहिले काही दिवस बघण्यासारखा प्रकार होता. पाण्याचं बिल भरायचं म्हटलं की मी तिघांना इंटरकॉम करायचो. तिघं खाली यायचे. अध्यक्ष खुर्चीत बसून एका बोटानं त्यांचा तुकडा दाबायचे, तेवढा वेळ बाकीचे दोघं भिंतीवरच्या आग विझवायच्या लाल नळकांड्याकडे तोंड करून उभे. मग खजिनदार एका हातानं फाईल आडवी धरून दुसऱ्या हातानं टाईप करायचे. मग सेक्रेटरी. मी काचेच्या दाराबाहेर. एकदा तिसऱ्यानं दाबून झाल्यावर चुकीचा म्हणून आला, आणि तिघांत चुकलं कुणाचं ते कळायला मार्ग नव्हता. ‘तुमच्या बोटाला दोन-दोन अक्षरं लागतात,’ सेक्रेटरी अध्यक्षांना म्हणाले. ‘माझ्या बोटानं चाळीस वर्षं बँक चालवलीय,’ अध्यक्ष म्हणाले. पाण्याचं बिल राहिलं तसंच.

मग एक-एक करून तिघंही माझ्याकडे आले.

आधी अध्यक्ष. लिफ्टचं काम निघालं होतं, सातव्या मजल्यावरून गुडघे घेऊन उतरणं त्यांना जमेना. इंटरकॉमवर म्हणाले, ‘लिहून घे. नको, थांब, लिहू नकोस. पाठ कर. माझा भाग तू टाक, बाकीचे दोघं आहेतच. आणि कुणाला बोलू नकोस.’ त्यांचा तुकडा नातीच्या लाडाच्या नावाचा होता. फोनवर ते नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं त्यांनी.

मग खजिनदार. ते दिवसभर वांद्र्याला, आणि सोसायटीचे कागद नेमके दिवसाच भरायचे असतात. त्यांनी व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवली, फोन केला, ‘बघितलंस? झालं पाठ? आता डिलीट करतो,’ आणि मेसेज पुसला. ‘माझा एकट्याचा तुकडा कळून तसंही काय होणार आहे, हो की नाही?’ असं हसत म्हणाले. ज्यांनी आम्हाला सगळं शिकवलं त्यांनी.

सेक्रेटरींनी दोन महिने धरून ठेवलं. मला वाटत होतं ते देणार नाहीत, आणि त्यांनी देऊ नये असंही वाटत होतं, कारण तिसरा तुकडा आला की मी ज्या भानगडीतून वाचलो होतो तीत पुरता पडणार होतो. जानेवारीत ते लेकाकडे बंगळुरूला निघाले. गेटवर रिक्षा उभी असताना त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी सरकवली. ‘वाचून फाडून टाक. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून.’ मी फाडली. अर्धे तुकडे ऑफिसच्या डब्यात टाकले, अर्धे मागच्या गल्लीत नेऊन टाकले.

त्या दिवसापासून सोसायटीची तिजोरी एकटा मी उघडत होतो, आणि तिघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की मी फक्त त्याचाच तुकडा जाणतो आणि बाकीचे दोघं अजून खाली येतात. सेक्रेटरी एकदा म्हणाले, ‘अध्यक्षांचं कौतुक आहे, हं. गुडघे धरून येतात बिचारे.’ मी मान हलवली. बिलं वेळेवर जायला लागली, लिफ्टचा परवाना आला, गेटवरचं ॲप सुरळीत झालं. सर्वसाधारण सभेत कुणीतरी म्हणालंसुद्धा, ‘आता कसं झकास चाललंय. सेफही आणि फास्टही.’ तिघंही हसले. मी खुर्च्या लावत होतो.

हसायला मला जमलं नाही. मी मुळात भित्रा माणूस. दुसऱ्याची वस्तू हातात आली की ती आपण फोडणार असं आधीच वाटायला लागतं. नळाखाली भांडी घासताना ते तीन तुकडे तोंडात यायचे आणि मी दचकून मागं बघायचो, वॉचमननं ऐकलं की काय. एकदा वाटलं, तिघांना एकत्र बसवून सांगून टाकावं. पण प्रत्येकानं बजावलं होतं कुणाला बोलू नकोस. एकाचा शब्द पाळायचा तर दुसऱ्यांना फसवायचं, अशी गाठ होती ती. मला ती सोडवता आली नाही, आणि खरं सांगायचं तर काम पटापट होत होतं. ती सोय मलाही आवडत होती.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी पाचशे दोनच्या मावशी ऑफिसात आल्या. मावशी आमच्याकडल्याच, सावंतवाडीच्या. नवरा गिरणीत होता, गिरण्या बंद पडल्यावर बरेच उद्योग करून त्यांनी ही जागा घेतलेली. नवरा गेला, मुलगा आखातात. माझ्याशी त्या मालवणीतच बोलायच्या. गणपतीला मला गावाला जायला मिळालं नाही की माझं पान त्यांच्याकडे असायचं, आणि माझी बायको दर उन्हाळ्यात त्यांच्यासाठी आमसुलं पाठवायची. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला कागद होता. महापालिकेची नोटीस. त्यांनी खिडकीबाहेरचा फ्लॉवर बेड भिंत घालून आत घेतला होता आणि तिथं वॉशिंग मशीन ठेवलं होतं. ते बेकायदा बांधकाम पाडून टाका, असं लिहिलं होतं.

‘ह्यां कोणी केल्यान?’ त्यांनी विचारलं. ‘खाली लिवलेला आसा, सोसायटीचा पत्र इला म्हणान. सोसायटी म्हणजे कोण? सोसायटीक हात आसत?’

‘कमिटीत असा विषयच नाय झालो, मावशी.’

‘मगे बघ आणि माका सांग. तुझ्याशिवाय माका कोण सांगतलो?’

त्या गेल्यावर मी ईमेल उघडला. पाठवलेल्या पत्रांत ते पत्र होतं. पहिली ओळ वाचली. ‘उपरोक्त विषयास अनुसरून आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की.’ संपूर्ण पत्रात राग कुठंच नव्हता. खाली सोसायटीचं नाव, कुणाची सही नाही. तारखेवरून मला तो गुरुवारही आठवला. दुपारी सेक्रेटरी खाली आले होते. ‘ईमेल उघडून ठेव, लिफ्टवाल्यांना पत्र टाकायचंय. तू जा, जेवून ये, मी आहे.’ उघडून ठेव म्हणाले, आणि उघडतं कसं ते विचारलं नाही. मी सावकाश जेवलो होतो.

त्यांचा राग मला माहीत होता. त्यांच्या बेडरूमची भिंत वरच्या मजल्यावरच्या मावशींच्या त्या मशीनच्या पाण्यानं काळी पडली होती. दोन वर्षं ते कमिटीत विषय काढत होते आणि अध्यक्ष ‘पुढच्या मीटिंगला घेऊ’ म्हणत होते, कारण मावशींचे यजमान त्यांचे मित्र. सेक्रेटरींचं म्हणणं बरोबरच होतं. ते त्यांनी स्वतःच्या नावानं लिहिलं असतं तर मी आनंदानं टाईप करून दिलं असतं.

कमिटीची मीटिंग लागली. मावशी दाराजवळ खुर्चीत बसल्या. खजिनदारांनी तिजोरीची नोंद काढली होती, त्या गुरुवारी दुपारी सव्वा वाजता ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती उघडली गेली होती.

‘मी त्या वेळी डॉक्टरकडे होतो,’ अध्यक्ष म्हणाले.

‘मी बीकेसीत.’

‘मी घरी जेवत होतो,’ सेक्रेटरी म्हणाले.

‘मग तीन तुकडे कुणी टाकले?’ मावशींनी विचारलं, या वेळी मालवणीत नाही.

 मला दिसलं की तिघांपैकी प्रत्येकजण आपला तुकडा कुणाला दिला ते आठवत होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. मला वाटलं, आता कुणीतरी बोलेल. मी वाट बघितली. मग माझ्याच तोंडून गेलं, ‘मला येतो.’

‘काय येतो?’ खजिनदार म्हणाले.

‘तिन्ही तुकडे येतात.’

अध्यक्षांनी चष्मा काढला. मग एकदम सगळे बोलायला लागले. कसा येतो, कधीपासून येतो, म्हणजे सगळी बँक याच्या हातात होती की काय. वाट लागली सोसायटीची, असं कमिटीतलं कुणीतरी म्हणालं. मी तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण सेक्रेटरी उठून म्हणाले, ‘उद्या बसू. आत्ता सगळे तापलेत.’ ते म्हणाले म्हणून सगळे उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या खोलीत आले. इतक्या वर्षांत ते दारापर्यंत यायचे, आत कधी आले नव्हते. खाटेच्या कडेवर बसले.

‘ते काल बोलायला नको होतंस. पण बोललास. आता पुढचं नीट बोल. तू चहा ठेवायला यायचास तेव्हा आमची बोटं दिसली तुला. ओझरती. लक्षात राहिलं. एवढंच.’

‘काका, तुम्ही चिठ्ठी दिली होतीत.’

‘दिली होती. मी कुठं नाही म्हणतो? आहे का ती?’

‘फाडली.’

‘शाब्बास,’ ते म्हणाले, आणि मला अजूनही वाटतं की ते मनापासून म्हणाले.

मी उभाच होतो. ते बोलत राहिले, पत्र सांगावं तसं, न अडखळता. ‘आम्ही तिघांनी तुला सांगितला असं झालं तर तिघांना राजीनामे द्यावे लागतील. नवी कमिटी येईल. सहाव्या मजल्यावरचा तो, तुझ्या जागी एजन्सी नेमा म्हणून दोन वर्षं मागे लागलाय. एजन्सीचा माणूस सकाळी नऊला येतो, सहाला जातो. त्याला खोली लागत नाही.’ मग थोडं थांबून, ‘मुलगी कधी येतेय?’

‘जूनमध्ये.’

‘चांगली आहे हुशार. फॉर्म भरताना माझ्याकडे घेऊन ये.’

‘आणि ते पत्र?’ मी विचारलं.

त्यांनी रुमालानं चष्म्याची एक काच पुसली, मग दुसरी. ‘पत्राचं मी बघतो.’

तुम्हीच लिहिलंत, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते मी का बोललो नाही, याची बरीच कारणं मी नंतर स्वतःला दिली आहेत. ज्यांनी मला वाक्य लिहायला शिकवलं त्यांच्यावर ते वाक्य टाकायचं धैर्य झालं नाही, हे एक. दुसरं ठरावातलं ‘तोवर’.

त्या संध्याकाळी मी कमिटीपुढं उभा राहून सांगितलं की चहा देताना मला बोटं दिसली. अध्यक्ष म्हणाले, ‘असं करू नये रे बाबा. विश्वासाचा प्रश्न असतो.’ त्यांच्या नातीचं नाव मला तीनदा म्हणायला लावणारा आवाज तोच होता. खजिनदार मोबाईल बघत होते. मावशींनी विचारलं, ‘आणि पत्र कोणी घातलं?’ अध्यक्ष म्हणाले, ‘ते चौकशीत येईल.’ मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं, आणि खाली बघणं म्हणजे कबूल करणं असतं हे मला तेव्हाच कळत होतं. तिजोरीचा पासवर्ड बदलायचा, पुन्हा तीन तुकडे करायचे आणि टाकताना कर्मचाऱ्यानं आवारात थांबायचं, असं ठरलं.

सभेचं इतिवृत्त मीच टाईप करतो. सेक्रेटरी शेजारी बसून सांगत होते. हजर सभासद, विषय क्रमांक एक, विषय क्रमांक दोन. ‘कर्मचाऱ्याने सदर पासवर्ड अनधिकृतपणे अवगत केल्याचे मान्य केले. पुढची ओळ. महापालिकेस गेलेले पत्र त्याच दरम्यान परस्पर पाठवले गेल्याचे दिसून येते. कर्मचाऱ्यास ताकीद देऊन सेवेत कायम ठेवण्यात येत आहे.’

माझी बोटं थांबली.

‘काय झालं?’

‘काका, हे वाचून कुणालाही वाटेल की मी पाठवलं.’

‘कुणी पाठवलं असं लिहिलंय का त्यात? दिसून येते लिहिलंय. नीट वाच.’ आणि मग जरा हळू, ‘मी म्हटलं होतं ना, पत्राचं बघतो म्हणून. हे बघितलं.’

ते पत्र कुणीही वाचलं तरी माझंच वाटणार होतं. बिल्डिंगमध्ये तसं लिहिणारी दोनच माणसं होती, आणि बोर्डावरच्या नोटिसा इतकी वर्षं मीच टाईप करतो हे सगळ्यांना माहीत होतं. मी टाईप केलं. छापून काढलं. बोर्डाची काच सरकवून चार पिना लावल्या.

दोन दिवसांनी खजिनदार लिफ्टपाशी भेटले. आजूबाजूला कुणी नाही बघून म्हणाले, ‘सॉरी यार. पण तू पण ना, मीटिंगमध्ये बोलायची काय गरज होती? कुणाला कधी कळलं नसतं.’ मग स्वतःशीच बोलल्यासारखं, ‘तुला वेगळं लॉगिन दिलं असतं ना, तर तू जेवायला जाताना तुझं बंद केलंस आणि नंतर दुसऱ्या कुणी उघडलं, हे नावानिशी त्यात आलं असतं. मी तेव्हा जोर धरायला पाहिजे होता.’ हे त्यांना मनापासून वाटत होतं. लिफ्ट आली आणि ते गेले. मी तसाच उभा राहिलो. माझ्या नावाची एक ओळ त्या नोंदीत असती तर तीच माझी साक्षीदार झाली असती. मला भानगडीतून वाचवायचं म्हणून ती ओळ ठेवली नव्हती, आणि त्या वेळी मी कृतज्ञतेनं चहाचे कप उचलले होते.

बायकोला फोनवर सगळं सांगितलं नाही. काहीतरी घोटाळा झाला होता, मिटला, एवढंच म्हटलं.

‘खोली ऱ्हवली मां?’ तिनं विचारलं.

‘ऱ्हवली.’

‘मगे झाला.’

सेक्रेटरींवर मला राग धरता येत नाही. धरायला गेलो की तो हॉल आठवतो आणि त्यांच्या हातातली ती पाटी. ते नसते तर मी आजही कुठंतरी वाढत असतो. मुलीचा फॉर्म पुढं त्यांनी खरंच भरून दिला, दोन तास बसून, एकही चूक न करता. उपकार म्हणून जे काही त्यांनी केलं त्यातलं काही खोटं नव्हतं. त्यामुळंच हे मला अजून गिळता येत नाही. माणूस सरळ वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

मुलगी जूनच्या पहिल्या आठवड्यात आली. पिशव्या ठेवल्या, हातपाय धुतले, आणि बायकोनं मावशींसाठी दिलेली आमसुलं घेऊन लगेच वर गेली. मी म्हटलं राहू दे, उद्या जा. पण आईनं बजावून पाठवलेलं, ती कसली थांबते. पाचेक मिनिटांत पिशवी तशीच घेऊन खाली आली.

‘घरात नाय?’

‘आसत. म्हणाल्या, आमच्याकडे आहेत, परत ने.’ पिशवी तिनं फळीवर ठेवली. ती लहानपणापासून जिथं अक्षर दिसेल तिथं वाचत थांबते, एसटीच्या तिकिटाच्या मागचं सुद्धा. जिन्याखालच्या बोर्डापाशीही थांबली असणार. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, ‘बाबा, बोर्डावरचो तो कर्मचारी म्हणजे तुमी?’

‘मीच.’

‘मावशींचा पत्र तुमी धाडलात?’

‘नाय.’

‘मगे तसा कित्याक लिवलेला?’

बाहेर पॅसेजमध्ये सेक्रेटरींचा आवाज येत होता. ते वॉचमनला विचारत होते, मुलगी आली का याची. ते आत्ता दारात येणार होते, तिच्या डोक्यावर हात ठेवणार होते, आणि तिनं वाकून नमस्कार करावा असं मी तिला गावाहून निघायच्या आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं.

‘ता मीयाच टाईप केलंय,’ मी म्हटलं.

ती पुढचं ऐकायला थांबली. मी आमसुलांची पिशवी फळीवर आत सरकवली. मग तिनं खोलीभर नजर फिरवली आणि पुस्तकं कुठं ठेवू म्हणून विचारलं. मी तिला खिडकीकडची बाजू दाखवली.